अंगावरचे विष उतरवताना

हिरव्या मिरच्या चिरल्यावर हात नळाखाली धरून धुतले, तरी तासाभराने तेच बोट डोळ्याला लागताच डोळा का झोंबतो, हा प्रश्न स्वयंपाकघरात वावरणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडलेला असतो. मिरचीला तिखटपणा देणारे कॅप्सेसिन हे द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. ते त्वचेच्या स्निग्ध थरात मुरून राहते, डोळ्यांना दिसत नाही आणि स्पर्शाबरोबर पुढच्या जागी जाते. निव्वळ पाण्याऐवजी आधी थोडे तेल चोळून मग साबण लावला, तर मात्र ते पुष्कळ अंशी निघून जाते.

रसायनांच्या अपघातस्थळी उतरणाऱ्या अग्निशमन जवानांपुढे, रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांपुढे आणि रुग्णालयाच्या दारात रुग्णाला उतरवून घेणाऱ्या परिचारिकांपुढे हाच प्रश्न जिवावरच्या रूपात उभा राहतो. अंगावर, कपड्यांवर किंवा साधनांवर बसलेले घातक द्रव्य त्या माणसाच्या शरीरात शिरण्याआधी आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी काढून टाकणे म्हणजे डीकॉन्टॅमिनेशन; पथकांच्या बोलण्यात ‘डीकॉन’, आणि या लेखापुरते निर्विषीकरण. बाहेरून पाहणाऱ्याला ती फवाऱ्याखालची आंघोळ वाटत असली, तरी तिचे यश कोणते द्रावण वापरले यापेक्षा कोणती कृती कोणत्या क्रमाने आणि किती मिनिटांत झाली यावर कितीतरी अधिक अवलंबून असते.

घटनास्थळी न गेलेल्यांना झालेला त्रास

२० मार्च १९९५ रोजी सकाळी टोकियोच्या भुयारी रेल्वेच्या पाच गाड्यांत ओम शिनरिक्यो या पंथाच्या अनुयायांनी सारीन या द्रवरूप विषाने भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या छत्र्यांच्या धारदार टोकांनी फोडल्या. सारीन हे मज्जातंतूंवर घाला घालणारे विष आहे. मज्जातंतूच्या टोकाशी संदेश पोहोचवणारे रसायन आपले काम झाल्यावर मोडून टाकण्यासाठी शरीरात कोलिनेस्टरेज नावाचे विकर असते. सारीन त्यालाच निकामी करते, त्यामुळे संदेश थांबतच नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या आकसतात, लाळ आणि घाम सुटतो, स्नायू फडफडू लागतात आणि अखेरीस श्वास बंद पडतो.

त्या दिवशी जवळच्या सेंट ल्यूक्स आंतरराष्ट्रीय रुग्णालयात ६४० रुग्ण आले. कारण ठाऊक नसल्यामुळे त्यांना अंगावरच्या कपड्यांनिशीच आत घेतले गेले, आणि जागा अपुरी पडल्यावर काहींना रुग्णालयाच्या प्रार्थनागृहात ठेवले गेले, जिथे हवा फारशी खेळती नव्हती. सारीन सहज बाष्प होणारे द्रव्य असल्याने कपड्यांत शोषला गेलेला अंश खोलीच्या हवेत हळूहळू मिसळत राहिला. पुढे रुग्णालयाने ४७२ कर्मचाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा ११० जणांनी डोळे दुखणे, अंधूक दिसणे, डोके दुखणे, मळमळणे अशी लक्षणे सांगितली, आणि त्यांत प्रार्थनागृहात काम केलेल्यांचे प्रमाण सर्वांत मोठे होते. अग्निशमन विभागाच्या १,३६४ कर्मचाऱ्यांपैकी १३५ जणांना त्रास झाला, आणि त्यांतल्या पुष्कळांना तो रुग्ण वाहून नेताना झाला. रुग्णाच्या अंगावरून दुसऱ्याला होणाऱ्या अशा त्रासाला दुय्यम बाधा म्हणतात, आणि निर्विषीकरणाची सारी आखणी तिला रोखण्याभोवती फिरते.

वायू, द्रव आणि भुकटी

विषारी हवेत श्वास घेतलेला प्रत्येक माणूस दुसऱ्याला धोकादायक असतोच असे नाही. शिवडीजवळच्या हाजी बंदरात १४ जुलै २०१० रोजी जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळून शंभरावर लोकांना त्रास झाला, किंवा गोव्यात चिखली येथे १९ जानेवारी २०१८ च्या पहाटे अमोनियाचा टँकर उलटून शेकडो रहिवाशांना घरे सोडावी लागली, तेव्हा फुप्फुसांत गेलेले वायू हीच मुख्य हानी होती. अशा माणसाच्या अंगावर मागे उरते ते थोडेच. त्याला मोकळ्या हवेत नेऊन वरचे कपडे काढले आणि डोळे चुरचुरत असल्यास धुतले की पुष्कळदा काम भागते. अमोनियाच्या बाबतीत घामाची मात्र दखल घ्यावी लागते, कारण तो वायू पाण्यात झपाट्याने विरघळून दाहक अल्क तयार करतो, आणि म्हणून काखा, जांघा आणि डोळे अशा ओलसर जागी जळजळ जास्त होते.

द्रवाचा हिशेब निराळा आहे. तो कपड्यांच्या धाग्यांत, केसांत, नखांखाली आणि बुटांच्या चामड्यात मुरतो. सारीनसारखा चटकन उडून जाणारा असेल तर आसपासची हवा दूषित करतो, आणि व्हीएक्स या मज्जाविषासारखा घट्ट व तेलकट असेल तर हवेत फारसा न जाता त्वचेतून शांतपणे आत उतरत राहतो. भुकटीचा त्रास तिच्या पसरण्यात आहे. १९८७ च्या सप्टेंबरात ब्राझीलमधील गोयानिया शहरात एका सोडून दिलेल्या दवाखान्यातल्या किरणोपचार यंत्रातून काढलेली, अंधारात निळी चमकणारी सिझियम-१३७ ची भुकटी कौतुकाने हातोहात वाटली गेली. पुढे १,१२,००० हून अधिक लोकांची तपासणी करावी लागली, २४९ जणांच्या अंगावर किंवा शरीरात ते द्रव्य आढळले आणि चौघांचा मृत्यू झाला. किरणोत्सारी अणू साबणाने किंवा कोणत्याही रसायनाने निष्प्रभ होत नाही, त्याला केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवता येते. म्हणूनच तिथे कपडे न झटकता घडी आत वळवून काढले जातात, आणि त्वचा खरवडून न घासता ओलसर फडक्याने हलक्या हाताने पुसली जाते, कारण खरचटलेल्या त्वचेतून भुकटीला थेट रक्तापर्यंत वाट मिळते.

पहिले काम कपडे उतरवण्याचे

फवारे, तंबू आणि औषधे यांच्या आधी करायची, आणि सर्वांत जास्त फळ देणारी कृती म्हणजे कपडे काढणे. त्यामुळे अंगावरचे बहुतांश, अनेकदा ८० ते ९० टक्के, द्रव्य दूर होते असे सर्वसाधारणपणे धरले जाते. या आकड्यामागे मात्र अंग बरेचसे झाकलेले आहे हे गृहीतक आहे, आणि ते आपल्याकडे तपासून घ्यायला हवे. उन्हाळ्यात बनियन आणि हाफ पँटवर, अनवाणी पायांनी काम करणाऱ्या कामगाराच्या बाबतीत द्रव्याचा मोठा वाटा थेट त्वचेवर पडलेला असतो, त्यामुळे कपडे काढून त्याला मिळणारा लाभ कमी असतो आणि त्वचेच्या स्वच्छतेला अधिक महत्त्व येते. दाट केस आणि पायघोळ साडी यांत द्रव बराच काळ टिकतो, हेही इथल्या पथकांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

कपडे डोक्यावरून ओढून काढल्यास छातीवरचे द्रव्य नाका-तोंडाला पुसले जाते. म्हणून सदरा समोरून कात्रीने कापून, बाहेरची बाजू आत गुंडाळत खाली उतरवतात. उतरलेले कपडे, पट्टा, घड्याळ, मोबाइल सारे जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिचे तोंड बांधतात आणि वर नाव किंवा क्रमांक लिहितात. लोकांचे पाय इथेच अडखळतात. भर रस्त्यात, अनोळखी माणसांसमोर कपडे काढायला कोणीही, विशेषतः स्त्रिया, सहजासहजी तयार होत नाहीत, आणि त्या संकोचात गेलेली पाच मिनिटे विषाला मिळतात. आडोशाची कनात, स्त्री कर्मचारी आणि लगेच अंगावर घ्यायला चादर या वस्तू म्हणूनच शिष्टाचाराच्या यादीत न ठेवता जीव वाचवणाऱ्या साधनांत मोजल्या पाहिजेत.

पाणी केव्हा आणि किती

कपडे काढल्यावर पाण्याचा मारा करणे हा सहज सुचणारा उपाय आहे, पण तो नेहमीच पहिला नसतो. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि त्यांच्यामधल्या स्निग्ध द्रव्यांचा बनलेला असतो. तो भिजून फुगला की काही रसायनांना आत शिरणे सोपे जाते, आणि पाण्याबरोबर ती अंगभर पसरतातही. गरम पाण्याने त्वचेतील रक्तप्रवाह वाढून या शोषणाला आणखी हातभार लागतो. त्यामुळे दाहक नसलेल्या द्रवांसाठी अलीकडच्या मार्गदर्शक पद्धतींमध्ये आधी कोरडे निर्विषीकरण सांगितले जाते: हाताशी असेल तो शोषक कागद, टॉवेल किंवा कापूस त्वचेवर प्रथम दाबून द्रव टिपायचा, मग पुसायचे, आणि वापरलेला तुकडा पुन्हा न वापरता पिशवीत टाकायचा. सैनिकांच्या वैयक्तिक किटमध्ये याच कामासाठी मुलतानी मातीची बारीक पूड वापरली जात आली आहे. या चिकणमातीच्या कणांचा एकूण पृष्ठभाग प्रचंड असल्याने तेलकट द्रव त्यांना चिकटून राहतो आणि पुडीसकट झटकता येतो. विष त्यात नष्ट होत नाही, त्यामुळे झटकलेली पूडही विषारीच समजावी लागते.

त्यानंतरचा फवारा थोडका असतो. कोमट पाणी, भरपूर धार पण कमी दाब, तेलकट द्रव्यासाठी सौम्य साबण आणि मऊ कापड, आणि सारे मिळून साधारण एक ते दीड मिनिट. डोके मागे झुकवून प्रथम केस आणि चेहरा धुतात, म्हणजे वाहणारे पाणी डोळ्यांत आणि तोंडात जात नाही. शेवटी स्वच्छ टॉवेलने अंग नीट पुसणे हाही निर्विषीकरणाचाच टप्पा आहे, कारण पाण्याने सैल झालेला पण अंगावर राहिलेला अंश त्यातच निघतो. कपडे काढणे, टिपणे आणि धुणे या प्रत्येक पायरीने उरलेले द्रव्य साधारण दहापट कमी होते असा ढोबळ नियम सांगितला जातो. मोठ्या गर्दीसाठी अग्निशमन दल दोन बंब समांतर उभे करून दोन्ही बाजूंनी तुषारांची भिंत तयार करते आणि लोकांना त्या बोळातून चालत नेते. तंबू उभारायला लागणारा वेळ त्यात वाचतो.

आम्ल आणि अल्क यांचा नियम वेगळा आहे. ती शोषली जाण्याची वाट न पाहता त्वचा जागच्या जागी जाळू लागतात, म्हणून तिथे टिपण्यात वेळ न घालवता लगेच आणि पुष्कळ वेळ, किमान १५ ते २० मिनिटे, पाणी वाहते ठेवतात. कॉस्टिक सोड्यासारखे अल्क ऊतींमध्ये खोल उतरत जाते, त्यामुळे त्याला आणखी जास्त वेळ लागतो. डोळ्यांना काहीही लागलेले असो, पाणी तत्काळ हवे.

> चौकट: पाण्याआधी विचार करावा अशी द्रव्ये
>
> कळीचा चुना ओला झाला की तापतो, म्हणून तो कोरड्या ब्रशने पूर्ण झटकून मगच भरपूर पाण्याने धुतात. सोडियमसारखे धातू पाण्याशी पेट घेतात; त्यांचे तुकडे आधी चिमट्याने काढतात. धान्य साठवणीत वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ओलाव्याने फॉस्फीन हा विषारी वायू सोडतात, म्हणून अंगावरची भुकटी आधी कोरडीच झटकतात. ती पोटात गेलेल्या रुग्णाच्या उलटीतूनही तो वायू निघत असल्याने उलटी बंद पिशवीत ठेवून खोली हवेशीर राखावी लागते. पांढरा फॉस्फरस याच्या उलट, हवेत पेट घेतो आणि ओला ठेवावा लागतो. फिनॉल पाण्यात नीट सुटत नाही. पॉलिएथिलीन ग्लायकॉलने पुसल्यास ते चांगले निघते. हायड्रोफ्लोरिक आम्ल धुतल्यानंतरही आत उतरून शरीरातील कॅल्शियम बांधते आणि हृदयाची लय बिघडवू शकते, म्हणून त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल चोळतात.

आम्लावर अल्क ओतून दोन्ही का संपवू नये, हा शाळेतल्या रसायनशास्त्राला धरून असलेला प्रश्न आहे. त्या क्रियेत उष्णता निर्माण होते, आणि ती त्वचेवर झाली तर रासायनिक दाहात भाजण्याची भर पडते. ब्लीचिंगचे द्रावण मज्जाविषांचे रेणू मोडते हे खरे, पण त्यासाठी लागणारा वेळ त्वचेला परवडणारा नसतो आणि द्रावण स्वतःच त्वचा खराब करते. त्वचेसाठी सौम्य ब्लीच वापरण्याची जुनी शिफारस त्यामुळेच मागे पडली. अवजारे, स्ट्रेचर आणि गाड्या यांच्यासाठी मात्र ते उपयोगी आहे, कारण त्यांना थांबता येते.

लाल रेषेपासून मोकळ्या जागेपर्यंत

अपघातस्थळाचे तीन पट्टे पाडले जातात: प्रत्यक्ष द्रव्य असलेला लाल, निर्विषीकरणाचा पिवळा आणि स्वच्छ हिरवा. पिवळा पट्टा वाऱ्याच्या येत्या बाजूला आणि शक्यतो चढावर असतो, म्हणजे बाष्प आणि सांडपाणी दोन्ही स्वच्छ बाजूपासून दूर जातात. निर्विषीकरणाची तयारी झाल्याशिवाय कोणालाही लाल पट्ट्यात सोडू नये हा शिस्तीचा नियम आहे. अपवाद डोळ्यांसमोर जीव जात असेल तेव्हाचाच.

संरक्षक सूट घालून परतणारा जवान आधी हातातली अवजारे लाल रेषेवरच्या पत्र्यावर ठेवतो आणि फुगवलेल्या उथळ हौदात उभा राहतो. पाठीवरचे श्वसनयंत्र चालूच असते. समोरचा मदतनीस, जो स्वतःही साधारण त्याच किंवा एक पायरी कमी दर्जाच्या सूटमध्ये असतो, लांब दांड्याच्या मऊ ब्रशने वरून खाली साबणपाणी लावतो: शिरस्त्राण, खांदे, काखा, चेनवरची पट्टी, मनगटाच्या चिकटपट्ट्या, गुडघ्यांच्या चुण्या, आणि शेवटी एकेक पाऊल उचलायला लावून बुटांचे तळवे. मग बाहेरचे हातमोजे उलटे होत निघतात. सूटची चेन मदतनीस उघडतो, जवान स्वतः तिला हात लावत नाही. सूट खांद्यावरून बाहेरच्या बाजूला गुंडाळत कमरेपर्यंत आणि मग घोट्यापर्यंत येतो, असा की आतल्या कपड्यांना बाहेरची बाजू कुठेही शिवू नये. जवान रेषेवर ठेवलेल्या बाकावर बसतो, एक पाय बुटातून काढून थेट स्वच्छ बाजूला टेकवतो, मग दुसरा. बूट आणि सूट मागेच राहतात. चेहऱ्यावरचा मुखवटा अगदी शेवटच्या टप्प्यात, आतले पातळ हातमोजे हातात असतानाच, मागचे पट्टे धरून पुढे काढतात, कारण सूट सोलताना उडणारा अंश श्वासात जाण्याची भीती तोवर टळलेली नसते. आतले हातमोजे त्यानंतर.

या साऱ्याला वेळ लागतो आणि सिलिंडरमधली हवा मोजकी असते. काम संपेपर्यंत हवा वापरली आणि मग परतलो, असा हिशेब इथे चालत नाही. जाण्याचा, कामाचा, येण्याचा आणि हौदात उभे राहण्याचा असे चारही वाटे आधीच धरावे लागतात. शिवाय बंद सूटमध्ये घाम वाळत नाही, शरीराची उष्णता बाहेर पडत नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात किंवा कोकणातल्या दमट हवेत वीस मिनिटांच्या श्रमानेही माणूस भोवळून पडू शकतो. म्हणून आत जाण्यापूर्वी आणि बाहेर आल्यावर नाडी, रक्तदाब आणि तापमान तपासतात, आणि चक्कर आलेल्या जवानासाठी सूट कात्रीने कापून काढण्याची छोटी वाट वेगळी ठेवतात.

सूट अभेद्य असतो ही समजूतही दुरुस्त करायला हवी. शिवणीतून किंवा फाटलेल्या जागेतून द्रव आत येतो ते उघड दिसते, पण एकही छिद्र नसलेल्या पापुद्र्यातूनही रसायनाचे रेणू एकेक करून आरपार झिरपतात, आणि प्रत्येक रसायन व प्रत्येक कापड यांच्या जोडीसाठी हा वेळ निराळा असतो. पृष्ठभाग धुऊन चकचकीत झाला तरी पापुद्र्यात शिरलेला अंश रात्रभरात आतल्या बाजूला पोहोचू शकतो. पुष्कळ सूट एकदा वापरून टाकून देतात ते याच कारणाने.

सांडपाणी आणि पुरावा

१ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझेलजवळ सँडोज कंपनीच्या गोदामाला लागलेली आग विझवताना वापरलेले पाणी कित्येक टन कीटकनाशकांसह ऱ्हाईन नदीत गेले. नदी लाल झाली आणि ईल मासे मोठ्या संख्येने मेले. निर्विषीकरणाचे पाणीही असेच विषारी असते, म्हणून ते हौदात साठवून पिंपात भरतात. लोकांचे प्राण धोक्यात असतील तर मात्र पाणी अडवण्याची सोय होईपर्यंत धुणे थांबवायचे नसते.

धुतलेला माणूस खरोखर स्वच्छ झाला का, हे डोळ्यांनी ठरत नाही. आम्ल-अल्कासाठी पीएच कागद, बाष्पासाठी हातात धरायचे वायुशोधक, किरणोत्सारासाठी गायगर गणक ही साधने असतात, पण सर्वांसाठी चालणारे एकच साधन नाही, आणि द्रव्य ओळखल्याशिवाय तपासणी अर्धीच राहते. टँकरवरचा नारिंगी फलक आणि त्यावरचा चार अंकी यूएन क्रमांक दुरून वाचणे हे म्हणूनच निर्विषीकरणाचेही पहिले पाऊल ठरते.

काजळीही विषच

रसायनांच्या टँकरशी कधी संबंध न आलेल्या जवानालाही हे शास्त्र लागू आहे. जळत्या प्लॅस्टिक, फोम आणि रंगांच्या धुरातील कर्करोगकारक द्रव्ये काजळीबरोबर गणवेशावर, मानेवर आणि मनगटांवर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये अग्निशमन हा व्यवसायच माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकला. आगीच्या जागेवरच, बंबावर चढण्याआधी, साबणपाणी आणि ब्रशने गणवेश धुतला तर त्यावरची ही द्रव्ये मोठ्या प्रमाणात घटतात. मान आणि चेहरा पुसायला ओले फडके पुरते. काळवंडलेला गणवेश शौर्याची खूण मानण्याची रीत जवानांच्या जिवावर उठणारी आहे, आणि ती बदलण्यास खर्चही फार येत नाही.

तालुक्याच्या रुग्णालयाच्या दारात

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी पुण्याजवळ सुदुंबरे येथे आहे आणि अशा प्रसंगांचे प्रशिक्षण तिला मिळते. महाराष्ट्रात या शास्त्राची सर्वाधिक गरज मात्र तिच्यापासून फार दूर पडते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. फवारणीत वापरली जाणारी कित्येक कीटकनाशके सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय असतात, म्हणजे सारीन ज्या विकरावर घाला घालते त्याच विकरावर ती, कमी तीव्रतेने, घाला घालतात. पाठीवरचा पंप गळून सदरा ओला झालेला असतो, आणि रुग्णालयात आल्यावर ॲट्रोपीनची इंजेक्शने सुरू होत असताना तोच सदरा अंगावर राहिला, तर एका बाजूने उतारा आणि दुसऱ्या बाजूने विष अशी स्थिती होते.

अशा रुग्णासाठी महागडा तंबू लागत नाही. दाराबाहेर छप्पर आणि आडोसा असलेली धुण्याची मोरी, कोमट पाण्याचा नळ, साबण, कात्री, जाड पिशव्या, नायट्राइलचे हातमोजे आणि बदलायला कपडे एवढे हवे. श्वास अडत असेल तर प्राणवायू आणि ॲट्रोपीन धुण्यासाठी थांबत नाहीत, दोन्ही कामे एकाच वेळी दोन माणसे करतात. केस, कानांच्या मागे, बेंबी, नखे आणि बोटांच्या बेचक्या विसरून चालत नाही. कपड्यांची पिशवी वॉर्डात न ठेवता बाहेर ठेवायची, आणि चामड्याचा पट्टा किंवा चप्पल धुऊन परत द्यायची नाही, कारण चामड्यात मुरलेले कीटकनाशक धुण्याने निघत नाही आणि तीच चप्पल पायात घालून घरी गेलेल्या माणसाला ते पुन्हा बाधू शकते.